शेवटच्या बाणापर्यंत

आमच्या घरात रॉबिन हूड दोन होते. सासवडच्या वाड्यात बारा महिने राहणाऱ्या भावंडांचा एक आणि मे महिन्यात मुंबईहून येणाऱ्या भावंडांचा दुसरा. सासवडकरांचा रॉबिन साध्या घरचा पोरगा होता, हातात धनुष्य आणि अंगात रग एवढंच त्याचं भांडवल. मुंबईकरांचा रॉबिन खानदानी उमराव होता, हंटिंग्डनचा अर्ल. त्याची जहागीर बळकावली गेली आणि भर लग्नाच्या दिवशी त्याला बंडखोर ठरवलं गेलं, म्हणून तो रानात शिरला. सुट्टीच्या पहिल्याच रात्री, गच्चीवर गाद्या पडल्या की भांडण सुरू व्हायचं. खरा कोणता?

दोन्ही बाजूंकडे पुरावा होता आणि तो छापील होता. वाड्यातल्या भिंतीतल्या कपाटात हॉवर्ड पाइलचं जाडजूड पुस्तक होतं. आजोबांनी ते पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेलं, पाठीचा पुठ्ठा निघालेला, पानापानांवर काळ्या शाईची बारीक रेघांची चित्रं. मूळ पुस्तक 1883 सालचं. पाइल अमेरिकेतल्या डेलावेअरचा, गोष्ट त्याचीच आणि चित्रंही त्याचीच. रॉबिनच्या ज्या शेरवूडच्या रानाचं पानन् पान त्याने उभं केलं, ते त्याने पुस्तक लिहिलं तेव्हा डोळ्यांनी पाहिलेलंच नव्हतं. मुंबईकरांकडे पफिनची कागदी पुठ्ठ्याची प्रत होती, रॉजर लान्सलिन ग्रीनने 1956 साली मुलांसाठी नव्याने सांगितलेला रॉबिन हूड. ती सुटकेसमध्ये कपड्यांच्या घडीत घालून यायची.

आज मला माहीत आहे की आमच्या दोन्ही पक्षांच्या मागे शतकांची रांग उभी होती. सर्वांत जुन्या पोवाड्यांमधला रॉबिन उमराव नाहीच. 1500 सालाच्या आसपास छापल्या गेलेल्या ‘गेस्ट’ नावाच्या लांबलचक पद्यकथेतही तो योमन आहे, म्हणजे सरदारही नव्हे आणि कुणाचा वेठबिगारही नव्हे. त्याला अर्ल केलं अँथनी मंडे नावाच्या नाटककाराने, 1598 च्या सुमारास. म्हणजे आमचा वाद गच्चीवरच्या गाद्यांवर जन्मला नव्हता. तरी आम्ही तो आपलाच समजून जिवाच्या आकांताने लढलो, आणि मी आजही सासवडकरच आहे. सर्वस्व लुटलं गेलेल्या सरदाराने बंड करणं मला समजतं. पण ज्याच्यापाशी लुटण्यासारखं मुळात काही नव्हतं त्याने करणं, ही मला अधिक मोठी गोष्ट वाटते.

वाद मिटवायचा अधिकार धाकट्या आत्याचा. आत्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. पाइलचं इंग्रजी मुद्दाम जुन्या वळणाचं, आमच्यातल्या थोरल्या दादालाही अर्ध्या ओळीपुढे झेपायचं नाही. आत्या पुस्तक मांडीवर घेऊन बसायची, एक परिच्छेद मनाशी वाचायची, मग चष्मा वर सारून आमच्याकडे बघायची आणि सांगायला लागायची. ते भाषांतर नव्हतं. नॉटिंगहॅमचा शेरीफ बोलायला लागला की जुन्या मामलेदाराचा आवाज यायचा. रॉबिनचा सोबती लिटल जॉन तालमीतल्या पैलवानासारखा शब्दाला शब्द ठेवून बोलायचा. फ्रायर टक नदीकाठी एकटाच बसून मांसाचा वडा आणि मद्याचा चंबू रिकामा करत स्वतःशीच गप्पा मारतो, तो भाग तर आत्या दोन आवाजांत करायची. एक आवाज आग्रह करणाऱ्याचा, दुसरा संकोचून ‘बरं, थोडंसं’ म्हणणाऱ्याचा. काकू स्वयंपाकघर आवरून हात पुसत यायची आणि उंबऱ्यातच उभी राहून ऐकायची. बसली तर कुणीतरी पाणी मागेल, म्हणून ती बसायची नाही.

गोष्टीची सुरुवात रक्ताने होते. आत्याने तीही गाळली नाही. अठरा वर्षांचा रॉबिन नॉटिंगहॅमच्या तिरंदाजीच्या स्पर्धेला निघालाय. वाटेत राजाचे वनरक्षक झाडाखाली खातपीत बसलेत, ते त्याची टर उडवतात. पैज लागते. रॉबिन लांबवरचं हरीण एका बाणात पाडतो. वनरक्षक पैजेचे पैसे तर देत नाहीतच, उलट त्यांच्यातला एक त्याच्या पाठीवर बाण सोडतो. तो चुकतो. रॉबिन वळून सोडतो, तो चुकत नाही. एक माणूस मरून पडतो. मेलेला शेरीफचा नातलग निघतो, म्हणून शेरीफचा राग पुढे गोष्टभर धुमसत राहतो.

जुन्या पोवाड्यात हाच प्रसंग आहे, पण तिथे रॉबिन पंधरा वर्षांचा आहे आणि एकाला नाही, सगळ्या वनरक्षकांना लोळवतो. ते वर्णनही मजेने केलेलं आहे. पाइलने मुलांसाठी लिहिताना प्रेतांची रास काढून टाकली, एकच मृत्यू ठेवला आणि त्या मृत्यूचा सल रॉबिनच्या मनात कायमचा रुतवून ठेवला. मुलांसाठी गोष्ट पुन्हा सांगणं म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. त्याने हिंसा पुसली नाही, तिचं वजन वाढवलं. आत्या तो भाग सांगून झाल्यावर काही वेळ गप्प बसायची, आणि आमच्यातला सर्वांत वात्रट भाऊही ‘पुढे?’ म्हणायचा नाही.

एका हरणासाठी एवढं का, हा प्रश्न आम्ही विचारला होताच. आत्याने उत्तर दिलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं: रान राजाचं होतं. नॉर्मन राजांनी मोठमोठे मुलूख शिकारीसाठी राखून ठेवले होते. त्यात नुसती झाडी नव्हे, गावं आणि शेतंही येत. तिथलं हरीण मारलं तर डोळे काढण्यापर्यंत, जीव घेण्यापर्यंत शिक्षा होत्या. 1217 साली वनसनद निघाली तेव्हा कुठे हरणापायी कुणाचा जीव किंवा अवयव जाणार नाही असं लिहून मिळालं. सनद हा शब्द आम्हाला इतिहासाच्या पुस्तकातला वाटायचा. पण ओटीवर त्या वेळी मोळी विकायला आलेली म्हातारी टेकलेली असायची. ती वाड्याला जळण घालायची. अंधार पडला की इथेच भाकरी खाऊन जायची, आणि आत्याचं सांगणं सुरू झालं की उठायची नाही. तिने सनदेचं ऐकलं नि विचारलं, “आन् लाकडाचं काय म्हनलंय त्यात?” तिची मोळी डोंगराच्या पायथ्याशी कैकदा उतरवून घेतली गेली होती, कोयता जप्त झाला होता. वनसनदेत आसपासच्या लोकांना रानातलं जळण घेण्याचे आणि जनावरं चारण्याचे हक्क मान्य केलेले आहेत, हे आत्याने दुसऱ्या दिवशी शाळेच्या ग्रंथालयातून शोधून आणलं आणि म्हातारीला सांगितलं. म्हातारी म्हणाली, “मंग शानी होती की मानसं.” आमच्या पिढीत कुणालाही रॉबिन हूडबद्दल विचारा, ही म्हातारी त्या आठवणीत असतेच.

आजीला मात्र परमुलखातला बंडखोर ऐकून घ्यायचा नसे. वाड्याच्या गच्चीवरून पुरंदर दिसायचा. त्याच्याच पायथ्याच्या बाजूला भिवडी, उमाजी नाईकांचं गाव. आजी म्हणायची, त्या तिकडच्या रॉबिनला कुणी पाहिलंय का? आमच्या उमाजीला पाहिलेल्यांना माझ्या आजेसासूने पाहिलंय. उमाजींना इंग्रजांनी 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात फाशी दिलं. आजीला तारीख सांगता यायची नाही, पण फितुरीने पकडलं हे ती दर वेळी सांगायची आणि फितुराला दर वेळी नव्याने शिव्या घालायची. पुरंदरच्या रामोश्यांचा हा पुढारी खराखुरा माणूस होता. त्याचे जाहीरनामे होते, त्याच्यामागे फौज लागली होती, त्याला पकडण्यासाठी इनामं लागली होती. रॉबिनच्या बाबतीत असा कागद हाती लागत नाही. चौदाव्या शतकात विल्यम लँगलंडच्या काव्यातला एक आळशी पाद्री म्हणतो की प्रार्थना धड येत नाही, पण रॉबिन हूडची गाणी येतात. तिथे त्याचं नाव पहिल्यांदा साहित्यात दिसतं. गाणी आधी सापडतात, माणूस सापडतच नाही. आम्हा मुलांना या दोघांत निवड करावीशी कधीच वाटली नाही. शेरवूड पुरंदरच्या पलीकडच्या उतारावर असणार अशी आमच्यातल्या धाकट्यांची कित्येक वर्षं पक्की समजूत होती.

दिवसा खेळ. धनुष्याला बांबूची कांब आणि दुहेरी पिळलेली सुतळी. बाणाला ज्वारीचं वाळलेलं धाट, वजनाला हलकं आणि सरळ, टोकाला ओल्या मातीचा गोळा, कारण बाभळीचा काटा लावल्याबद्दल थोरल्या दादाने एकदा आजोबांचा मार खाल्ला होता. ओढ्यावर आडवा पडलेला ओंडका हा लिटल जॉनचा पूल. दोघांनी दोन टोकांनी यायचं, काठीने काठी अडवायची, एक पाण्यात पडेपर्यंत. पुस्तकात रॉबिनच पाण्यात पडतो, आणि पडूनही हसतो, हा नियम आत्याने घालून दिला होता: ज्याला रॉबिन व्हायचंय त्याने आधी पडायचं. मग बारशाची वेळ. पाइलच्या गोष्टीत त्या सात फुटी दांडगोबाच्या डोक्यावर मद्य ओतून त्याचं नाव ठेवतात. आमच्याकडे ताक. डोक्यावर ताकाचा तांब्या रिकामा झाल्यावर मुंग्यांनी दुपारभर पाठलाग केलेला भाऊ आज एका मोठ्या कारखान्यात व्यवस्थापक आहे, आणि त्याची बायको अजून त्याला वाड्यात ठेवलेल्या त्याच नावाने हाक मारते.

पण आमच्या घराच्या अंगी खरी लागली ती गोष्ट वेगळीच होती. रॉबिन वाटसरूला पकडून आणतो, पण लुटत नाही. आधी हात धुवायला पाणी, मग पोटभर जेवण. आणि जेवण झाल्यावर विचारतो, जवळ किती आहे? ‘गेस्ट’मधला दुःखी सरदार सांगतो, दहा शिलिंग. झडती घेतात, तर खरंच दहा शिलिंग. या माणसाचं मठाकडे चारशे पौंडांचं कर्ज आहे, जमीन गहाण पडलीय, मुदत संपत आलीय. रॉबिन त्याला चारशे पौंड मोजून देतो, वर कपडे आणि घोडा देतो आणि एवढा मोठा सरदार एकटा कसा जाणार म्हणून लिटल जॉनला सोबत धाडतो. पुढे त्याच मठाचा साधू सापडतो. तो म्हणतो, वीसच मार्क आहेत. झडतीत निघतात आठशे पौंडांच्या वर. ते ठेवून घेतात. पाइलने हीच गोष्ट घेऊन सर रिचर्डचं फार सुंदर प्रकरण लिहिलंय. श्रीमंतांचं काढून गरिबांना देणारा, एवढ्या एका वाक्यात रॉबिनला सगळे गुंडाळतात. जुन्या कथेत मात्र कसोटी पैशाची नव्हे, खरं बोलण्याची आहे. सुट्टीचे पैसे उडवून आलेल्याला आमच्या घरात कधी थेट रागावलं गेलं नाही. आधी जेवायला बसवायचे. आमटीभात, पुरंदरची अंजिरं, ताक. मग आजोबा विचारायचे, “खिशात किती राहिले?” जो खरं सांगेल त्याला वर चार आणे मिळायचे. हे त्यांनी पाइलवरून उचललं की पाइल त्यांना आवडला तो यासाठीच, हे आता सांगायला कुणी उरलं नाही.

मुलींना धनुष्य मिळत नसे. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तसं होतं. पाइलच्या पुस्तकात रॉबिनची प्रेयसी मॅरियन जवळपास नाहीच, दोनचार ठिकाणी नुसता उल्लेख. त्यामुळे भावांचं फावलं. बहिणींनी एक तर जेवण रांधायचं किंवा ॲलन-अ-डेलची नवरी व्हायचं. मोठी ताई मुंबईकरांच्या ग्रीनमधून पुरावा घेऊन आली. त्यात मॅरियन पुरुषी वेषात रानात येते, रॉबिनशी तलवारीने लढते आणि तो तिला ओळखतही नाही. ताईने ते पान उघडून गच्चीवर सगळ्यांपुढे धरलं. थोरला दादा म्हणाला, तो उमरावाचा रॉबिन, आमच्यात चालत नाही. पक्षभेदाचा असा उपयोग मी पुढे आयुष्यात पुष्कळ पाहिला. त्या सुट्टीत ताई खेळायला आली नाही. माडीवर बसून ती पुस्तक वाचत राहिली.

आणि मग शेवट. आमच्या शाळेतल्या मैत्रिणींकडे जी संक्षिप्त पुस्तकं होती, त्यांत राजा रिचर्ड वेष पालटून रानात येतो, ओळख पटते, सगळ्यांना माफी, लग्न, संपलं. पाइलसुद्धा तिथे थांबायची मुभा देतो. शेवटच्या प्रकरणाआधी तो वाचकाला जवळजवळ हात धरून सांगतो, इथवर आलात, आता इथेच निरोप घेतलात तरी चालेल, पुढे जे आहे ते मोडून पडण्याचं आहे. आत्याने ती मुभा वाचली, आम्हाला सांगितली आणि विचारलं, “थांबायचं?” कुणी बोललं नाही. ती पुढे सांगत गेली.

राजाच्या चाकरीत गेलेला रॉबिन रानाच्या ओढीने परत येतो. वर्षं जातात. त्याला ताप भरतो. रक्त काढून घेतलं तर उतरेल म्हणून तो कर्कलीजच्या मठात जातो. तिथली प्रमुख त्याच्या नात्यातली, त्याच्याच खटपटीने त्या जागी बसलेली. ती शीर उघडते ती रक्त थांबू नये अशा बेताने, दाराला बाहेरून कडी घालते आणि निघून जाते. आजीने जळवा लावलेल्या पाहिल्या होत्या, तुंबडी लावून घेतली होती. ती एवढंच म्हणाली, “नात्यातलीच निघाली ना.” रॉबिन उरलेल्या ताकदीने शिंग फुंकतो. लिटल जॉन दार फोडून आत येतो. त्याला मठ जाळायचाय, रॉबिन जाळू देत नाही. आजवर एकाही बाईला त्याने इजा केलेली नाही, मरताना करायची नाही. मग खिडकीतून शेवटचा बाण, आणि तो पडेल तिथे मला पुरा.

थोरला दादा रडला. तो त्या वेळी मॅट्रिकला होता. काकू पहिल्यांदाच उंबऱ्यातून आत येऊन बसली. सगळ्यांत धाकटी चुलतबहीण तेवढी रडली नाही. तिने विचारलं, बाण कुठपर्यंत गेला? पुढे वडील गेले तेव्हा, आजोबा गेले तेव्हा, वाडा विकला गेला तेव्हा आम्हा भावंडांपाशी आधीच एक मरण होतं, सगळ्यांनी मिळून ऐकलेलं. मुलांना हे पेलत नाही म्हणून गाळणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. आम्हाला पेललं, कारण ते एकट्याने वाचलेलं नव्हतं. आत्याच्या आवाजात, एका गादीवर तिघेतिघे असं ऐकलेलं होतं.

ताईची नात लेस्टरला असते. तिथून शेरवूड गाडीने फार लांब नाही. एडविनस्टोच्या जवळचा तो प्रचंड मेजर ओक, फांद्यांना टेकू दिलेला, तिने पाहिलाय, आणि त्याचा फोटो पाहून आम्ही सगळ्यांनी एकाच वेळी आपापल्या घरी फोन हातात धरून आरडाओरडा केला. यंदा तिने एक पुस्तक वाचलं आणि आमच्यापुढे ठेवलं, रॉबिन मॅकिनलीचं ‘द आउटलॉज ऑफ शेरवूड’, 1988 सालचं, तिच्या वयाच्या वाचकांसाठीच लिहिलेलं. त्यातला रॉबिन बेताचाच तिरंदाज आहे. वनरक्षकाचा जीव त्याच्या हातून जवळजवळ अपघाताने जातो आणि त्याला नायक व्हायचंच नसतं. त्याला काळजी कसली, तर एवढ्या माणसांना हिवाळ्यात निवारा कुठला आणि खायला काय. उत्तम नेम मॅरियनचा. नॉटिंगहॅमच्या स्पर्धेत रॉबिनच्या वेषात ती उतरते, जिंकते आणि तिथेच जबर जखमी होते. मुलाच्या वेषात टोळीत राहणारी आणखी एक मुलगी आहे, विल स्कार्लेटची बहीण. ती कशासाठी घर सोडून आली, हे लेखिकेने फार समजून लिहिलंय.

ताईने ते पुस्तक दोन दिवसांत संपवलं आणि थोरल्या दादाला फोन केला. दादा आता पंचाहत्तरीला आलाय. काय बोलणं झालं ते दोघांनीही आम्हाला सांगितलं नाही, पण त्यानंतर दादाने पुस्तक मागवून घेतलं, आणि आता वाद पेटलाय तो शेवटावरून. मॅकिनलीच्या पुस्तकात राजा रिचर्ड येतो, पण सरळ माफी देऊन जात नाही. तो या सगळ्यांना आपल्याबरोबर पॅलेस्टाइनच्या मोहिमेवर येण्याची शिक्षा सुनावतो. दादाचं म्हणणं, हा न्याय झाला, राजाला आणखी काही करता येण्यासारखं नव्हतं. ताई म्हणते, ज्यांनी जीव धोक्यात घालून गोरगरिबांना सांभाळलं, त्यांनाच परक्या युद्धावर धाडायचं, यात न्याय कसला? मी ताईच्या बाजूने आहे. मुंबईकर निम्मे इकडे, निम्मे तिकडे. आत्याची नजर आता अधू झालीय, तिला ताईची नात रोज संध्याकाळी लेस्टरहून फोनवर एकेक प्रकरण वाचून दाखवते आणि आत्या अजून निकालापर्यंत पोचलेली नाही, म्हणून तिच्यासमोर कुणी शेवटाचा विषय काढत नाही.